पेशंट हातातून हातात देताना: वॉर्डातल्या नव्या डॉक्टरांसाठी

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ज्या रुग्णालयात होते, तिथली जुलैमधली एक रात्र. आठ वाजता ड्यूटी बदलली. जाणारे डॉक्टर सकाळपासून पायांवर होते, बाहेर पाऊस कोसळत होता आणि त्यांना शेवटची बस गाठायची होती. "सहा नंबर लेप्टो, स्टेबल. बाकीचेही सगळे स्टेबल," एवढं सांगून ते निघाले आणि मी मान हलवली. सहा नंबरला लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, झाला होता. त्यांचा पोटॅशिअमचा रिपोर्ट साडेसहालाच लॅबमधून आला होता. काउंटरवरच्या ट्रेमध्ये एक्स-रेच्या दोन पाकिटांखाली तो पडून होता. आकडा होता ६.९, हृदय बंद पडू शकेल इतका वर.

रात्री तीनला सिस्टरनी हाक मारली. "डॉक्टर, मॉनिटरवर काहीतरी वेगळंच दिसतंय." ईसीजीवर पोटॅशिअम चढल्याच्या खुणा: टी-वेव्ह तंबूसारख्या उंच झालेल्या, क्यूआरएस रुंदावलेला. कॅल्शिअम ग्लुकोनेट हळूहळू शिरेतून दिलं, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, नेब्युलायझरवर साल्ब्युटामॉल, आणि पहाटे डायलिसिस. भातशेतीत राबणारे ते काका वाचले, चवथीच्या आधी स्वतःच्या पायांनी घरी गेले. पण त्या कागदावर साडेआठ तास कुणाचीही नजर पडली नव्हती आणि त्यातले सात तास माझ्या ड्यूटीचे होते.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. एवढी वर्षं गोव्यात वॉर्डातली फिजिशियन म्हणून काम केल्यावर माझी खात्री झाली आहे, की निदान चुकल्यामुळे जेवढे रुग्ण अडचणीत येतात, त्याहून जास्त रुग्ण दोन डॉक्टरांच्या मधल्या जागेत अडचणीत येतात. कॅज्युअल्टीतून वॉर्डात, दिवसाकडून रात्रीकडे, तालुक्याच्या दवाखान्यातून बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, आणि शेवटी वॉर्डातून घरी. प्रत्येक वेळी माणूस एका हातातून दुसऱ्या हातात जातो. हा हात बदलताना, म्हणजे हँडओव्हर देताना-घेताना, काय करायचं, तेवढंच मी इथे लिहिते आहे.

अमेरिकेत १९९६ मध्ये वॉक्टर आणि गोल्डमन या दोन डॉक्टरांनी फक्त रुग्णालयात दाखल असलेल्यांना बघणाऱ्या फिजिशियनला 'हॉस्पिटलिस्ट' असं नाव दिलं. आपल्याकडे तसं वेगळं नाव रूढ नाही. काम मात्र तेच आहे, आणि ते शिफ्टमध्ये चालतं. म्हणजे एकाच रुग्णाचे डॉक्टर दिवसातून दोन-तीनदा बदलणार, हे धरूनच चालायला हवं.

हँडओव्हर देताना

पहिली गोष्ट, 'स्टेबल' हा शब्द टाकून द्या. माझ्या वॉर्डात तो कुणी उच्चारला तर मी विचारते, कशावरून? नाडी किती, श्वास किती, लघवी किती झाली? उत्तर आलं तर उत्तरच सांगायचं, शब्द नको.

प्रत्येक रुग्णाबद्दल या क्रमाने बोला. आधी आजार किती गंभीर आहे ते. मग दोन वाक्यांत हकीकत. मग काय करायचं राहिलं आहे, कुणी करायचं आणि किती वाजता. मग रात्री काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं. शेवटी घेणाऱ्याने ते सगळं आपल्या शब्दांत परत सांगायचं. ही पद्धत 'आय-पास' नावाने ओळखली जाते. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत ती वापरून पाहिली गेली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापले गेले. १०,७४० दाखल रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. वेळ वाढला नाही; आधीही दर रुग्णामागे अडीच मिनिटंच लागत होती, नंतरही तेवढीच लागली. वेळ नसतो म्हणणाऱ्यांना मी हाच आकडा सांगते.

त्या रात्री मला असं ऐकायला मिळायला हवं होतं:

"सहा नंबर, आज वॉर्डातले सगळ्यात आजारी हेच. अठ्ठावन्न वर्षं, शेतात काम करतात, तापाचा सहावा दिवस, लेप्टो. दिवसभरात लघवी फक्त तीनशे मिली. क्रिएटिनिन चार, सकाळचं पोटॅशिअम ५.८, साडेपाचला परत पाठवलंय. साडेआठपर्यंत रिपोर्ट हातात आला नाही तर लॅबला तू फोन कर. सहाच्या वर असेल तर लगेच ईसीजी, कॅल्शिअम ट्रॉलीत काढून ठेवलंय, नेफ्रोलॉजीच्या डॉक्टरांना कल्पना दिली आहे. आता तू सांग."

एवढंच. बोलायला पाऊण मिनिट लागतं. यातलं 'आता तू सांग' बहुतेक जण गाळतात, संकोच वाटतो म्हणून. समोरचा परत सांगतो तेव्हाच कळतं, की त्याने साडेआठ ऐकलं की साडेनऊ.

आणि फोनवर हँडओव्हर देऊ नका. गंभीर रुग्ण असतील त्या प्रत्येक बेडपाशी दोघांनी मिळून जायचं. बेडपाशी गेलं की सलाईनचा वेग, लघवीच्या पिशवीतला रंग, ऑक्सिजनचा मास्क कपाळावर सरकलेला आहे का, हे चार डोळ्यांना दिसतं.

श्वास स्वतः मोजा

कुठल्याही वॉर्डातला चार्ट उघडा, श्वासाच्या रकान्यात २०, २०, २०, २० अशी रांग दिसेल. वीसवर इतके सगळे रुग्ण एकाच वेळी श्वास घेत नसतात. श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट लागतं आणि सिस्टरांकडे तीस-चाळीस रुग्ण असतात, म्हणून असं होतं. त्यांच्यावर चिडू नका, ते एक मिनिट तुम्ही द्या.

मोजतोय हे रुग्णाला कळलं की श्वास बदलतो. मी नाडी बघायच्या निमित्ताने मनगट धरते, तोच हात अलगद त्यांच्या पोटावर टेकवते आणि घड्याळाकडे बघत राहते. पोट वर, एक. खाली. परत वर, दोन. तीस सेकंदांवर थांबायचं नाही. न्यूमोनियातली माणसं मध्येच उथळ, मध्येच खोल श्वास घेतात, अर्ध्या मिनिटाला दुप्पट केलं की फसायला होतं. मिनिटाला पंचविसाच्या वर आकडा गेला, तर ऑक्सिमीटर ९६ दाखवत असला तरी त्या रुग्णाला मी रात्रीच्या यादीत सगळ्यात वर ठेवते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला 'न्यूज' स्कोअर शिकून घ्या. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांची बेरीज पाच झाली तर डॉक्टरने तातडीने येऊन बघायचं, सात झाली तर ती आणीबाणी. बेरीज सोपी आहे, पण श्वासाचा आकडा खोटा असेल तर सगळीच फुकट.

गोव्यात वेगळं काय विचारायचं

रुग्ण तुम्हाला 'दोतोर' म्हणतील. हा शब्द पोर्तुगीज काळापासूनचा आहे. पणजीत वैद्यकशाळा सुरू झाली १८४२ मध्ये, तेव्हापासून इथल्या घराघरांत दोतोर आहे. महाराष्ट्रातून आलेल्या मुलांना मी सांगते, कोकणी बोलता आली नाही तरी ऐकायला शिका. 'हर्दें दुखता' म्हणजे छातीत दुखतंय. 'घुंवळ येता' म्हणजे चक्कर. आजींनी हर्दें म्हटलं आणि ऐकणाऱ्याला हाड वाटलं, असं घडलेलं मी पाहिलं आहे. ईसीजी निघायला त्या दिवशी उशीर झाला.

पावसाळ्यात ताप म्हटलं की शेत, उंदीर, साचलेलं पाणी, पायावरच्या जखमा, हे विचाराच. डेंग्यूत नातेवाईकांचं सगळं लक्ष प्लेटलेटवर असतं. तुमचं लक्ष ताप उतरतो त्या दिवसाकडे हवं, कारण धोका तिथून सुरू होतो. पोटात दुखणं, उलट्या, हात गार पडणं आणि हिमॅटोक्रिट चढणं (रक्त दाट होणं) हे हँडओव्हरमध्ये आलंच पाहिजे. 'ताप गेला' एवढंच पुढे गेलं, तर रात्रीचा डॉक्टर निर्धास्त झोपेल.

काजूच्या दिवसांत सत्तरी तालुक्यातून तापाचा रुग्ण आला तर बागेत गेला होतात का, माकड मेलेलं दिसलं का, गोचीड चावली का, हे विचारा. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचाही, हाच हंगाम. पाय मोडून आलेला असो की न्यूमोनिया होऊन, पहिल्याच दिवशी रोजचं प्रमाण आणि शेवटचा पेला कधी घेतला हे शांतपणे, तोंडावर नाराजी न दाखवता विचारून केसपेपरवर लिहा. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हात थरथरू लागतात, भिंतीवर किडे दिसू लागतात, माणूस सलाईन उपटून पळायला बघतो. आधी लिहिलेलं असलं तर रात्रीचा डॉक्टर त्याला वेडसर ठरवून बांधून ठेवणार नाही, योग्य औषध देईल. ग्लुकोजच्या आधी थायमिन, हेही तिथेच लिहून ठेवा.

साप चावलेल्यांच्या बाबतीत तर ड्यूटी बदलायची वेळ फारच घातक. शिरेतलं दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही आणि मग एकदाच कलती करून बघायचं. गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलं आहे. ही नळी साबणाने धुतलेली चालत नाही, प्लास्टिकची चालत नाही. आणि वीस मिनिटांच्या मध्येच ड्यूटी बदलली, तर ती नळी खिडकीत तशीच राहते. म्हणून नळीला चिकटपट्टी लावून तिच्यावर वेळ लिहा: '७.५०, बघायची ८.१०'. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी हीच चाचणी परत करायची असते आणि ती जवळजवळ नेहमी दुसऱ्याच डॉक्टरच्या वाट्याला येते. ती वेळ तोंडी सांगू नका, केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. घाटाच्या पायथ्याला चापडाही चावतो, त्याच्यावर ते चालत नाही. सूज आहे, पण बाटल्यांमागून बाटल्या देऊनही रक्त गोठत नसेल तर थांबून विचार करा. मण्यार मात्र सूजही आणत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून येतो, अंगावर खूणही सापडत नाही. अशा वेळी हँडओव्हर एकाच वाक्याचा द्या: "दर तासाला पापण्या खाली पडतायत का बघ."

बांबोळीला पाठवताना

आधी फोन, मग १०८. गाडी निघाल्यावर फोन करू नका. चिठ्ठीवर निदानापेक्षा घड्याळ महत्त्वाचं: छातीत दुखायला कधी लागलं, ईसीजी कधी काढला, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किती वाजता दिलं, प्रतिविषाच्या किती बाटल्या गेल्या. ईसीजीचा कागद गाडीतच राहतो, म्हणून त्याचा फोटो नातेवाइकांच्या फोनवरही घेऊन ठेवा.

घरच्यांशी बोलणं

इथे घरात निर्णय घेणारा मुलगा बहुतेकदा जहाजावर, आखातात किंवा लंडनला असतो. तारवटी मुलगा रात्री अकराला व्हिडिओ कॉल करतो, तेव्हा फोन रात्रीच्या डॉक्टरसमोर धरला जातो. दिवसा सूनबाईंना तुम्ही 'आज-उद्या कठीण आहे' सांगितलं असेल आणि रात्रीच्या डॉक्टरने मुलाला 'बरे आहेत' म्हटलं, तर त्या घराचा तुमच्यावरचा विश्वास तिथेच संपतो. घरच्यांना काय सांगितलं, कुणाला सांगितलं, कोणत्या शब्दांत सांगितलं, हे केसपेपरवर दोन ओळींत लिहा आणि हँडओव्हरमध्ये बोला. कुटुंबातला एकच माणूस ठरवून घ्या आणि त्याचं रुग्णाशी नातं लिहून ठेवा.

डिस्चार्ज

सगळ्यात वाईट हँडओव्हर आपण इथे देतो, कारण घेणारा डॉक्टर नसतो. घेणारी असते सत्तर वर्षांची बाई किंवा तिची कामावरून रजा काढून आलेली मुलगी.

एक आजी चक्कर येते म्हणून आल्या. नाडी ३८. पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणाहून डिस्चार्ज मिळालेला. "वखदां हाडल्यांत?" म्हणजे औषधं आणलीत का, असं विचारलं तर त्यांनी कमरेला खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढून बेडवर पालथी केली. अर्धवट संपलेल्या अकरा पट्ट्या. सुटी झालेली एक पांढरी गोळी कागदाच्या पुडीत. त्यात नाडी मंदावणारं मेटोप्रोलोल दोन वेगवेगळ्या नावांनी: एक पट्टी सरकारी दवाखान्यातली, दुसरी डिस्चार्ज कार्डावर लिहिलं म्हणून बाजारातून घेतलेली. त्या दोन्ही रोज घेत होत्या, अगदी नेमाने, देवापुढे दिवा लावून झाला की. मला म्हणाल्या, "दोनूय बरींच न्हय गो बाये?" गोळ्यांबद्दल त्यांची काहीही चूक नव्हती. नवी गोळी सुरू करताना जुनी बंद करा, असं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून दाखल होतानाच मी घरच्यांना म्हणते, घरातली सगळी औषधं पिशवीसकट आणा. डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी ती पिशवी बेडवर ओतायची आणि तीन ढीग करायचे: चालू ठेवायची, बंद करायची, नवी. बंद करायच्या पट्टीवर मार्करने मोठी फुली मारा. औषधाचं मूळ नाव ठळक, वाचता येईल असं लिहा. २०१६ पासून डॉक्टरांच्या नियमांतही तेच आहे. वेळा 'दिवसातून दोनदा' अशा नकोत. 'सकाळी पोदेर पाव देऊन गेला की' आणि 'रात्री जेवल्यावर' हे कळतं. अक्षर कुठल्या लिपीत, हेही विचारा. दक्षिण गोव्यातल्या साष्टीकडचे अनेक वयस्क ख्रिस्ती रुग्ण कोकणी रोमी लिपीत वाचतात, तुमचं सुवाच्य देवनागरी कार्ड त्यांना कोरं असतं. वाचताच येत नसेल तर सूर्य आणि चंद्र काढा. मग परत सांगायला लावा, जसं डॉक्टरला लावलंत तसंच. 'समजलं का' विचारलं की सगळे हो म्हणतात. "घरी गेल्यावर सुनेला काय सांगशील?" असं विचारलं की खरं कळतं.

हृदय कमजोर असलेल्यांना 'मीठ कमी' सांगून काही होत नाही. ते म्हणतात, मी वरून मीठ घेतच नाही. मे महिन्यात इथे घराघरांत पुरुमेंत भरतात: सुकी मासळी, खारवलेल्या कैऱ्या, पारा (सुक्या मासळीचं लोणचं), वाल, मिरची. जूनमध्ये मासेमारी थांबते आणि पेजेबरोबर तोंडी लावायला तेच खारं येतं. जुलैत माझ्या वॉर्डात सुजलेले पाय दिसू लागतात. म्हणून मी थेट विचारते, सुकं कितीदा खाता, लोणचं कुणी घातलं. पेज घ्या, तिच्यासोबत कुळीथ घ्या, सुक्या मासळीला या वर्षी हात लावू नका, असं नाव घेऊन सांगते. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर या. घरी काटा नसेल तर चपलेचा पट्टा रुतायला लागला की या.

आणि वेळ बघा. सत्तरीतल्या गावी जाणाऱ्याला संध्याकाळी पाचला सोडलं तर त्याला बस मिळेल का? चोडणच्या माणसाला फेरीबोटीच्या रांगेत उभं राहायला लागणार आहे का? कार्ड आदल्या रात्री लिहून ठेवा म्हणजे अकराच्या आत माणूस बाहेर पडतो, औषधांचं दुकान उघडं असतानाच. पुन्हा दाखवायची तारीखही अशीच. पेडण्याच्या रुग्णाला मी म्हापशाला शुक्रवारची देते. बाजाराला ते येतातच, आमच्याकडे वाट वाकडी करून येतात. त्यांना मंगळवार दिला तर येत नाहीत.

कल्चरचा किंवा बायोप्सीचा रिपोर्ट यायचा राहिला असेल, तर तो कोण बघणार हे कार्डावर लिहा. 'रिपोर्ट नंतर घेऊन जाणे' एवढं लिहून आपली जबाबदारी संपत नाही. मी छोट्या वहीत नाव, फोन आणि रिपोर्टची तारीख टिपते आणि शनिवारी दुपारी वही उघडून बसते. अर्धा तास जातो. दोन वर्षांपूर्वी याच वहीमुळे आधीच घरी गेलेल्या एका मुलीचा क्षयाचा रिपोर्ट सापडला.

शेवटचं एक काम ड्यूटी संपताना करायचं, वॉर्डातून बाहेर पडायच्या आधी. सगळ्यात आजारी रुग्णाच्या बेडपाशी रात्रीच्या डॉक्टरला घेऊन जा आणि रुग्णाला त्याचं नाव सांगा. "आजी, मी आता घरी जाते. रात्री हे आहेत, तुमचं सगळं यांना सांगितलंय." परवा अशाच एका आजींनी नव्या मुलाचा हात धरून त्याला विचारलं, जेवलास का रे पुता? तो नाही म्हणाला. मग त्यांनी मलाच परत बोलावलं आणि त्याला जेवायला पाठवायला लावलं, तो येईपर्यंत मी थांबले.